उडत्या दिलेरचा नववा भाग

त्र्याहत्तर साली सुप्याला आमच्या सिनेमाच्या तंबूत ‘उडता दिलेर’ नऊ आठवडे चालला. दर बाजाराच्या संध्याकाळी एक भाग. मशीन मी चालवायचो. नवव्या भागात दिलेर फुटलेलं धरण पाठीनं अडवतो, गाव वाचतं आणि तो बुडून मरतो. पडदा पांढरा झाला तरी कोणी उठेना.

"गनीभाई, फुडचं लावा," खडी फोडायला जाणारी बनुबाई मला म्हणाली.

"पुढचं नाही. संपलं."

"आसं कसं संपंल? त्याला उडता येतंय की."

मी चिडलो. रिळांचा रिकामा डबाच तिच्यापुढं उपडा केला. "मी मारलं का त्याला? मी नुसती मशीन चालवतो."

तिनं डबा सुलटा करून माझ्या हातात दिला. "मंग पयला भाग लावा. त्यात त्यो जिता हाय."

माणसं हटेनात, म्हणून पेटीतून काढून लावला. पाळण्यातलं पोर उडून आढ्याला चिकटतं, आई त्याला केरसुणीनं खाली ओढते. पहिल्या वेळी इथं सगळा तंबू हसून लोळला होता. या वेळी पोर वर गेलं आणि बायका तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

पडद्यावर त्याची आई तेवढी हसत होती.