वलीभाईंचे नकाशाचे मेज

मी एक जुने मेज आहे. मला आता पाय नाहीत, म्हणून तुमच्यापैकी एखादा शहाणा मला नुसती फळी म्हणेल. म्हणू दे. मित्रांनो, मी आयुष्यात इतका मूर्खपणा अंगावर सांडून घेतला आहे की एवढ्याने माझे काही बिघडत नाही. माझी हकीकत गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म माणगावच्या बाजारात झाला. सागाच्या तीन रुंद फळ्या, त्यांना खालून आडव्या पट्ट्या आणि चार दणकट पाय. सुताराने रंधा मारून मला इतके गुळगुळीत केले की गिऱ्हाईक यायच्या आधी तोच माझ्यावरून दोनदा हात फिरवून गेला. मला वाटले, आपण एखाद्या वकिलाच्या दिवाणखान्यात जाणार. नशिबी आला तो अलिबागच्या समुद्राकडच्या आळीतला वलीभाईंचा लोखंडी कामाचा कारखाना.

कारखाना म्हणजे काय, तर एक भट्टी, एक ऐरण, भोके पाडायचे एक कुरकुरणारे यंत्र आणि गळके छप्पर. वलीभाईंचे वडील गलबतांसाठी खिळे आणि नांगर घडवत. वलीभाईंच्या वेळी गलबते कमी झाली आणि सरकारी कामे निघू लागली. पुलाचे कठडे, विहिरीवरच्या जाळ्या, धक्क्याच्या शिड्या. ही कामे तोंडी मिळत नसत. कचेरी आधी एक ढोबळ नकाशा देई. त्यावरून आपला दर लिहायचा, लिफाफ्याला लाख लावायची आणि टेंडर भरायचे. ते मिळाले की प्रत्येक पट्टी अन् प्रत्येक रिव्हेट दाखवणारा आपला नकाशा काढायचा, तो कचेरीतून पास करून आणायचा आणि मगच लोखंडाला हात लावायचा. या नकाशांसाठी वलीभाईंनी मला विकत घेतले.

सुरुवातीची वर्षे खरोखर सुखाची गेली. वलीभाईंची एक रीत होती. कागदावर रेघ ओढण्याआधी ते ती वस्तू माझ्या अंगावर खडूने काढत, खऱ्या मापाची. मोठी असली तर तिचा तुकडा तुकडा काढत. मग भिकूला हाक मारत. भिकू त्यांचा घण मारणारा, जवळच्या मोरखार गावचा. तो खडूच्या रेघांवर खरेखुरे रिव्हेट मांडी, वाकून इकडून तिकडून पाही आणि पटले तर एवढेच म्हणे, "व्हय." ज्याच्या हातून काम व्हायचे त्याने 'व्हय' म्हटल्याशिवाय त्या घरातून नकाशा बाहेर पडत नसे. संध्याकाळी वलीभाईंची बायको मासूमा ओल्या फडक्याने मला पुसून काढी. कचेरीतले एक वयस्क साहेब तर म्हणायचे की वलीभाईंचा नकाशा हातात धरला की वस्तूच हातात आल्यासारखी वाटते. हे ऐकून मी फुगत असे. साग फुगत नाही म्हणतात, पण स्तुतीने कोण फुगत नाही?

पुढे माणसांच्या डोक्यात टेंडर शिरले आणि माझ्या किळसेचे दिवस सुरू झाले.

मुंबईचे कंत्राटदार धरमतरला बोटीने उतरू लागले. ते आपले दर खाली आणत, की आमच्याकडचे त्याहून खाली आणत. त्या पडत्या दरात लोखंड कसे बसणार याचा विचार कुणाला नव्हता. लिफाफा भरायच्या दिवशी माझ्याभोवती जी कुजबुज चाले ती ऐकून माझ्या फळ्यांना कीड लागती तर बरे, असे वाटे. अमक्याचा दर तमक्या कारकुनाकडून काढून घ्या. वरचा आकडा खोडा. पत्रा पातळ घाला, वरून काळा रंग द्या, कोण खरवडून बघतो! हे बोलणारी माणसे माझ्यावर पानाचा चुना पुसत, चहाची बशी ओतत आणि उठताना माझ्याच कडेला हात टेकून "या अल्ला", "अरे देवा" करत. वलीभाई आधी गप्प बसत. मग हळूहळू हसू लागले. मग तेही बोलू लागले.

अशात मोरखारच्या उघाडीचे टेंडर निघाले.

उघाडी म्हणजे खारातल्या, समुद्र अडवून केलेल्या शेतजमिनीच्या, बांधाला ठेवलेले तोंड. भरतीला त्याचे दार बंद ठेवून समुद्र बाहेर अडवायचा, ओहोटीला उघडून शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे. मोरखारच्या सगळ्या भातशेतीचा जीव त्या एका दारात. जुने लाकडी दार कुजले होते, म्हणून कचेरीला लोखंडी हवे होते. मुंबईवाल्याला खाली पाडायचेच, या एका हट्टापायी वलीभाईंनी असा दर लिहिला की तो लिहिताना त्यांचा स्वतःचा टाक अडखळला. टेंडर त्यांना मिळाले. घरात पेढे वाटले. त्यातल्या एकाचा तुपकट डाग मी पुढे कितीतरी दिवस वागवला.

वलीभाईंनी माझ्यावर दार खडूने काढले. पत्र्यामागे पाच आडव्या पट्ट्या, म्हणजे भरतीच्या रेट्याने पत्रा वाकायला नको. रेघा पाहताच त्यांच्या ध्यानात आले की या दरात पाच पट्ट्या बसत नाहीत. भिकूला हाक मारायच्या ऐवजी त्यांनी त्याला कोळसा आणायला माणगावला पाठवले.

त्याच दुपारी दिनानाथराव ओव्हरसियर आले. नकाशे तपासून साहेबापुढे ठेवायचे काम त्यांचे. त्यांनी माझ्यावर शहाळे ठेवले, मलई बोटाने खरवडून खाल्ली आणि ते बोट माझ्या कडेला पुसले.

"वलीमियाँ, किल्ल्याचा दरवाजा करताय का? एवढ्या पट्ट्या कशाला?"

"उधाणाची भरती असते रावसाहेब. मधे आधार हवा."

"मधल्या दोन काढून टाका. सही मी घेतो. उरलेल्या लोखंडाचं काय करायचं ते तुम्ही जाणता. आणि मला विसरायचं नाही, हेही जाणता."

वलीभाईंनी तळहाताने खडूच्या दोन रेघा पुसल्या. माझ्या अंगावर नासलेले दूध सांडले आहे, उंदीर मेला आहे. पण त्या तळहातासारखा घाणेरडा स्पर्श मला कधी झाला नव्हता.

नकाशा आठ दिवसांत पास होऊन आला. भिकूने तो पाहिला आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले.

"वलीभाय, हितं काय न्हाय? आन् माझी 'व्हय' कुनी घेतली?"

"वर मोहर बघ. साहेबांनी पास केलंय."

"दार माझ्या गावाचं हाय."

"म्हणूनच साहेबांनी नीट बघितलं असेल ना! इमानाने काम कर, भिकू. पावसाळा तोंडावर आला."

मोहर पाहून भिकूने बोट मागे घेतले. आमच्या बाजूला हीच एक चूक सगळे करत. ज्या भिकूला मालकाची रेघ खोटी ठरवायला भीती वाटत नसे, तो एका जांभळ्या शिक्क्याला घाबरला. त्याने तीन पट्ट्यांचे दार ठोकले, आपल्याच गाडीत घालून नेले आणि दगडी खाचेत बसवले.

आषाढात मोरखारला भाताची लावणी झाली. श्रावणातल्या उधाणाला दार मधोमध वाकले आणि खाचेतून निसटले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दिनानाथराव धापा टाकत आले. बातमी कचेरीत पोचली होती. शेतात किती पाणी शिरले हे त्यांनी विचारले नाही. नकाशा माझ्यावर पसरून म्हणाले, "पट्ट्या कमी पडल्या त्या तुमच्या हिशेबाच्या चुकीने, असं लिहून द्या."

वलीभाई उसळले. "खाली तपासल्याची सही कुणाची आहे?"

"नकाशा कुणी काढला?"

"मधल्या दोन काढा म्हणून कुणी सांगितलं?"

तिकडे खारे पाणी कोवळ्या रोपांत उभे आणि इकडे ही दोन प्रतिष्ठित माणसे एका कागदाची दोन टोके धरून ओढत होती. माझ्या अंगावर त्यांच्या थुंकीचे शिंतोडे उडत होते. मला ओकता येत असते तर मी ओकले असते.

तेवढ्यात भिकू आत आला. कमरेपर्यंत चिखल. त्याने दोघांकडे पाहिलेही नाही. नकाशा, दौत, टाक, सगळे एका हाताने जमिनीवर लोटून दिले.

"अरे, सरकारी कागद!" दिनानाथराव ओरडले.

"हे मेज पायजे," भिकू म्हणाला. "पानी वसरलंय. दुपारच्या भरतीच्या आत तोंड बुजलं न्हाय, तर ऱ्हायलेलं अर्धं शिवार पन जातंय. येवढी रुंद फळी गावात न्हाय."

वलीभाई जागचे हलले नाहीत. आतल्या दारातून मासूमा बाहेर आली. तिने आधी भिकूचे पाय पाहिले, मग नवऱ्याचे हात.

"उचला दुसरं टोक," ती म्हणाली. "का तेही पास करून आणायचंय?"

वलीभाईंनी टोक उचलले. भिकूने घणाच्या चार तडाख्यांत माझे पाय उडवले. बैलगाडी बांधाशी पोचली तेव्हा खाडीचे पाणी परत चढू लागले होते. त्यांनी समुद्राच्या बाजूने मला उघाडीच्या तोंडावर उभे केले, माझी गुळगुळीत बाजू दगडाला चिकटवली आणि कडांना पेंढा अन् चिखल ठासला. वलीभाई छातीभर पाण्यात माझ्या पाठीला खांदा लावून उभे होते. भरती आली. समुद्र जसजसा दाबू लागला तसतशी मी दगडाला घट्ट बसत गेले. पाण्याचा भार मला कळत होता. आणि कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर एकही खोटी रेघ नव्हती.

अर्धे शिवार वाचले. अर्धे करपले. त्या जमिनीतले मीठ पुढचे दोन पावसाळे निघाले नाही. भिकूची आई नीराबाई हिचे शेत करपलेल्या अर्ध्यात होते.

वलीभाईंनी दुसरे दार पदरचे लोखंड घालून केले. त्याचा नकाशा जमिनीवर खडूने काढला आणि भिकूला बोलावले. भिकू आला, रिव्हेट मांडले, पाचही पट्ट्या मोजल्या. 'व्हय' म्हणायला मात्र त्याने सबंध दिवस लावला. दार बसवून झाल्यावर वलीभाई खाली मान घालून नीराबाईला म्हणाले, "मावशी, आता मेज नेतो. कामाला लागतं."

"न्हाय न्यायचं," नीराबाई म्हणाली. "तुझ्याकडं त्याच्यावर काय काय पुसलास ते त्यालाच ठावं. हितं ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून मी तिच्या अंगणात चार दगडांवर आहे. माझ्यावर ती मासळी साफ करते. खवले, आतडी, रक्त, माश्या, सगळे काही. मला कशाचीच किळस येत नाही, कारण संध्याकाळी त्यातूनच जेवण होते.

मित्रांनो, मला तेल लावा, उन्हातून आत घ्या, असे मी सांगणार नाही. मला काही नको. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीत बसाल, कुणीतरी तुमच्यापुढे नकाशा सरकवील आणि सही कुठे करायची तेवढी जागा दाखवील. त्या वेळी हात आखडता घ्या आणि आधी विचारा, या दाराच्या पलीकडे कुणाचे शेत आहे. ते सांगता आले नाही, तर उठा आणि बघून या. नीराबाईचे शेत कुणीच बघून आले नव्हते.