स्पोर्ट गाडी आणि माझा मणका

लाल गाडी घरी आली तेव्हा माझ्या कमरेच्या दुखण्याला चार महिने झाले होते. दोन मणक्यांच्या मधली गादी सरकली आहे आणि ती शिरेला दाबते, म्हणून कळ कमरेतून निघते आणि मांडीच्या मागून थेट पायाच्या अंगठ्यात जाते, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. दर बुधवारी यायचं, शेक घ्यायचा, व्यायाम करायचे, अशा सहा खेपा सांगितल्या. आमचं गाव धानोऱ्याच्या अलीकडं, डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर आत. तिथून चंद्रपूर म्हणजे एसटीनं अर्धा दिवस, आणि जागा मिळते ती मागच्या चाकावरची. पहिल्या खेपेला जाऊन आले, तर परतताना वाटेत मूल गावच्या स्टँडवर उतरून बाकड्यावर आडवीच झाले. लोकांना वाटलं बाईला चक्कर आली. कुणीतरी कांदा आणून नाकाशी धरला.

ते पाहून गुणवंतरावांनी गाडी घेतली. गुणवंतराव म्हणजे माझे मालक. बोलताना मी त्यांचं नाव घेत नाही, लिहिताना घ्यायला कोण अडवतं. आमची धानाची शेती आणि गावात धान भरडायची मशीन. मशीनचा पट्टा सुटला, इंजिन धूर सोडायला लागलं, की हेच उघडून बसतात. त्यामुळं जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला समजतं असा त्यांचा समज झाला आहे, आणि तो मी इतक्या वर्षांत मोडला नाही.

नागपुरात जुन्या गाड्यांच्या दुकानात त्यांनी तीन गाड्या पाहिल्या. दोन पांढऱ्या होत्या. तिसरी लाल, अंगावर काळे पट्टे, डिक्कीवर पंखासारखं काहीतरी आणि तिरक्या अक्षरांत ‘स्पोर्ट’. दुकानदार म्हणाला, यात सस्पेन्शन वेगळं येतं. संत्रा बर्फी आणावी तसं ते वाक्य त्यांनी नागपूरहून घरी आणलं. वेगळं म्हणजे चांगलंच, आणि खेळाडूंची गाडी म्हणजे अंगाला जपणारीच असणार, असं त्यांचं गणित. मीही मान डोलावली. मला तोवर सस्पेन्शन म्हणजे तलाठ्याला घरी बसवतात ते, एवढंच माहीत होतं.

शेजारच्या श्रीहरी गुरुजींना मात्र ते पटलं नाही. नुसते स्टिकर आहेत, ते म्हणाले. त्यावर आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी वाद रंगायचा. दोघंही वाकून गाडीखाली पाहायचे, दोघांनाही काही कळायचं नाही, आणि दोघंही आपापलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखे उठायचे.

मला कळत होतं ते वेगळंच. मी मागच्या सीटवर उशी घेऊन बसायची. गाडी खड्ड्यात जायची आणि खड्डा माझ्यात यायचा. धानोरा ते गडचिरोली हा रस्ता आमच्या ओळखीचा, तरी प्रत्येक खड्डा नवा वाटायचा. सावली गाव येईपर्यंत कळ अंगठ्यापर्यंत जाऊन तिथंच बसलेली असायची. गुणवंतराव आरशातून पाहत विचारायचे, कसं वाटते. मी म्हणायची, मस्त. ज्या माणसानं आपल्या कमरेसाठी गाडी घेतली, त्याला ती गाडी कमरेत घुसते असं कोणत्या तोंडानं सांगायचं? एका बुधवारी तर डोकं दुखतं म्हणून मी गेलेच नाही. डोकं अजिबात दुखत नव्हतं.

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, अजून एसटीनंच येता का. मी म्हटलं, नाही, आता घरची गाडी आहे. मग हादऱ्यांचा प्रश्न नाही, असं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. सहा खेपांनंतरही कळ अंगठ्यापर्यंतच जात असेल, तर दुखणं गादीतच जास्त आहे असं समजायचं, आणि मग नागपूरला ऑपरेशन. मणक्यावर चाकू चालला की काय काय होतं, हे आमच्या भागात प्रत्येकाला कुणाच्या ना कुणाच्या नावानिशी माहीत असतं. मी बाहेर आले. गुणवंतराव गाडीला पोरांनी हात लावू नये म्हणून गाडीपाशीच उभे होते. काय म्हणाले डॉक्टर, त्यांनी विचारलं. सुधारते म्हणाले, मी सांगितलं.

पाचवी खेप मार्चमधली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला, आणि मी डोळे मिटून उशी धरून बसलेली. दवाखान्यात दीड तास नंबर आला नाही. दीड तास बसायचं असलं की माणूस काहीही वाचतो. मी रेचक चूर्णाची जाहिरात वाचली, एका नटीचं लग्न वाचलं, आणि मग एका जुन्या मासिकात गाड्यांचं पान निघालं. त्यात कुणीतरी हाच प्रश्न विचारला होता: जुनी गाडी घेतो आहे, स्पोर्ट पॅकेजवाली आहे, तर सस्पेन्शन खरंच बदललेलं असतं का? उत्तरात लिहिलं होतं की काही गाड्यांत खरंच स्प्रिंगा आखूड आणि कडक घालतात, वळणावर गाडी झुकू नये म्हणून, त्यानं हादरे जास्त बसतात. काहींत मात्र फक्त पट्टे, पंख आणि चाकं. खालून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

मी ते दोनदा वाचलं. कडक. म्हणजे नागपूरचा दुकानदार खरं बोलला असेल, तर हे सगळं गाडीचं दुखणं. माझ्या मणक्याचं नाही. मग स्प्रिंगा बदलल्या की झालं. आणि तो खोटं बोलला असेल, गाडी साधीच असेल, तर मग साध्या चांगल्या गाडीतही माझी कळ अंगठ्यापर्यंत जाते, याचा अर्थ एकच. आयुष्यात पहिल्यांदा मी एका दुकानदाराच्या सच्चेपणासाठी देवाला हात जोडले.

आत डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, विचारलं. मी खरं ते सांगितलं, अंगठ्यापर्यंत. पुढचा बुधवार शेवटचा, तेव्हा नागपूरची चिठ्ठी देतो, ते म्हणाले.

बाहेर येऊन मी गुणवंतरावांना म्हटलं, वाजिदभाऊंकडं जाऊ, गाडी खरंच स्पोर्ट आहे का ते खालून पाहू द्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. बायकोला गाडीत गोडी लागली असं त्यांना वाटलं. आता गुरुजीचं तोंड बंद होते, असं वाटेत दोनदा म्हणाले.

वाजिद आमचा जुना माणूस. भरडाईच्या मशीनचं इंजिन एकदा यांनी उघडून ठेवलं आणि यांना बंद करता आलं नाही, तेव्हा तो चंद्रपूरहून येऊन जोडून गेला होता. त्याच्या गॅरेजच्या अर्ध्या भागात त्याची बायको तबस्सुम सीट कव्हरं शिवते. तिनं माझी चाल पाहिली आणि खुर्ची दिलीच नाही. फोमच्या दोन गाद्या जमिनीवर टाकल्या आणि म्हणाली, लेटो बाई, शरम काय की. मी आडवी झाले. त्यामुळं गाड्यांची पोटं माझ्या अगदी नजरेसमोर आली.

योगायोगानं तीच गाडी, पण साधी, पांढरी, कोरपन्याच्या कुणा साहेबांची, तिथं दुरुस्तीला उभी होती. वाजिदनं दोन्ही जॅकवर चढवल्या, चाकं काढली, आणि टॉर्च घेऊन एकदा हिच्याखाली, एकदा तिच्याखाली असा सरपटत राहिला. कापडानं चिखल पुसून हादरे झेलणाऱ्या शॉकअपवरचे नंबर वाचले. स्प्रिंगेची तार बोटांनी मोजली, वेढे मोजले. गुणवंतराव त्याच्या मागं मागं वाकून फिरत होते, भटजीच्या मागं यजमान फिरतो तसे.

“भाऊ, राग नका येऊ देऊ,” वाजिद बाहेर येऊन म्हणाला. “खालून दोन्ही सारख्याच. नंबर बी तोच, तार बी तेवढीच.”

“मंग स्पोर्ट काय आहे इच्यात?”

“पट्टे, पंख, चाकं. टायर जरा पातळ आहे, तेवढा फरक. सस्पेन्शनले कोनी हात बी नाई लावला.”

गुणवंतराव पंखावर बसलेली धूळ हातानं पुसायला लागले. त्यांना ओट्यावरचे गुरुजी दिसत असणार. मला नागपूरचं ऑपरेशन दिसत होतं. फोम मऊ होता, तरी अंगाखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. दुकानदार खोटं बोलला होता. म्हणजे मणका खरं बोलत होता.

मी पडल्या पडल्याच विचारलं, “मंग एवढी आदळते काऊन?”

गुणवंतराव वळले. “आदळते?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. वाजिदकडं पाहत सांगितलं की प्रत्येक खड्ड्याला आदळते, पहिल्या दिवसापासून नाही, पण दुसऱ्या खेपेपासून. हे शेवटचं माझ्या तोंडून निघालं तेव्हाच मला आठवलं, की नागपूरहून आली त्या दिवशी गावातून चक्कर मारली होती तेव्हा गाडी खरंच बरी वाटली होती.

वाजिद पुन्हा खाली गेला. या वेळी नंबर न पाहता त्यानं स्प्रिंगेच्या आत बोटं घातली. मग पेचकस घातला, मग पहार. एक काळा तुकडा फटकन निघून माझ्या गादीपाशी येऊन पडला. ट्रकच्या टायरचा, हातभर लांब नाही पण वीतभर तरी असेल. असा एकेका स्प्रिंगेत दोन-दोन.

“हे कोनं कोंबलं?” वाजिदनं विचारलं.

आमच्याकडं ज्याची गाडी बसकी, तो धानोऱ्याच्या इसरूकडं जातो. इसरूचं पंक्चरचं दुकान. जुन्या टायरचे तुकडे कापून तो स्प्रिंगेत ठोकतो, गाडी चार बोटं उचलली जाते. गावच्या वाटेवर बैलबंड्यांच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या, मधला उंचवटा तसाच, त्याला गाडीचं पोट घासतं. काळ्या-पिवळ्या जीपवालेही इसरूकडून उचलून घेतात. हे मला माहीत होतं. आपल्या गाडीचं माहीत नव्हतं. गाडी आली त्याच आठवड्यात गुणवंतराव एकदा पंक्चर काढायला म्हणून धानोऱ्याला गेले होते आणि अर्धा दिवस लावला होता.

“इसरूनं टाकून देल्ले,” ते जमिनीकडं पाहत म्हणाले. “पोट घासे. आन् मले वाटलं, रबर आहे, त्यानं इले आनखी नरम वाटन.”

वाजिदला हसू आलं होतं, ते त्यानं टॉर्च विझवण्यात घालवलं. “रबर नरमच अस्ते भाऊ,” तो म्हणाला. “पन स्प्रिंगीत कोंबलं का स्प्रिंग दबतच नाई. मंग गाडी कायची, बंडी.”

आठ तुकडे निघाले. चाकं बसली, जॅक उतरला, आणि लाल गाडी खाली बसली. दमलेलं माणूस बसतं तशी.

परतीच्या वाटेवर मूलपर्यंत मी उशी धरून खड्ड्यांची वाट पाहत होते. खड्डे आले. गाडी आत जायची, दबायची, उठायची. हादरा बसायचा, पण ठोसा बसत नव्हता. वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर मी त्यांना नागपूरच्या चिठ्ठीचं सांगितलं. चौथ्या खेपेपासूनचं सगळं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“एवढं दुखे तं सांगतलं काऊन नाई?”

“तुमी रबराचं सांगतलं का?”

नदीकडून गरम वारा येत होता. मागून ट्रक गेला की आमची गाडी हलायची. मग त्यांनी विचारलं, चिठ्ठी घ्यावीच लागते का. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी डॉक्टरला सगळं सांगते, रबरासकट. म्हणावं, पहिली खेप एसटीची आणि मधल्या बंडीच्या, एकही मोजू नका. आजपासून मोजा. ते ऐकतील की नाही, मला ठाऊक नाही. मणका काही एका दिवसात शहाणा होत नाही.

गडचिरोलीच्या पुढं कळ आलीच. कमरेतून निघाली, मांडीच्या मागून उतरली. मी श्वास धरून तिची वाट पाहिली. गुडघ्याच्या मागं थांबली. पुन्हा एकदा आली, पिंढरीपर्यंत गेली, आणि तिथून खाली उतरली नाही. मी पायाचा अंगठा हलवून पाहिला. नुसता अंगठा होता तो, दुखत नव्हता. बऱ्याच दिवसांनी.

डांबरी सडक सोडून गाडी गावच्या वाटेला लागली आणि पहिल्याच उंचवट्याला पोट घासलं. आवाज असा, की कुणी पत्र्यावर कोयता ओढावा. गुणवंतरावांनी मान खांद्यात घेतली. पूर्वी असं झालं असतं तर त्यांनी उतरून, गुडघे टेकून खाली पाहिलं असतं. पुन्हा घासलं. मग आणखी एकदा, लांबलचक.

“थांबा, पाहून घ्या,” मी म्हटलं.

“काय पाहाचं त्यात,” ते म्हणाले. “पाय सांग.”

“गुडघ्यापर्यंतच.”

त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी तशीच घासत घराकडं नेली.