हमरापूरचा मुलाखतीचा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. लगेच नाक मुरडू नका! माझ्या कोपरांना तुकडे जोडले आहेत, अस्तरालाही ठिगळ आहे, हे खरं. पण हमरापूरच्या या गणपतीच्या कारखान्यात दारामागच्या खुंटीवर मी उगाच टांगलेला नाही. या गावात मला मान आहे. तो कसा मिळाला, ते सांगतो.

माझा जन्म पेणचा. स्वातंत्र्य मिळून वीसेक वर्षं झाली होती. पेणला हासाजी नावाचे एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शिंपी होते. काय हात होता त्यांचा! त्यांच्या मुलाला, निसीमला, रोह्याच्या एका कचेरीत मुलाखतीला बोलावलं होतं, म्हणून त्यांनी चांगलं काळं कापड आणलं आणि मला शिवायला घेतलं. हासाजी मुलाचं तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत. मात्र माझी एकेक शिलाई त्यांनी दोनदा तपासली. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवार संध्याकाळपर्यंत ते सुईला हात लावत नसत, तो त्यांच्या धर्माचा नेम. त्यामुळे एक अख्खा शनिवार मी एकाच बाहीचा लटकत राहिलो. जाणारे येणारे हसायचे. "काय हासाजीशेठ, पोराला एकच हात हाय काय?" हासाजी शांतपणे म्हणायचे, "उद्या या, दोन दिसतील."

निसीमला नोकरी लागली. त्यानं रोह्यासमोरच्या अष्टमी गावात खोली घेतली आणि कुंडलिका नदीचा पूल ओलांडून तो रोज रोह्याला कामावर जायचा. पुलावरच्या वाऱ्यात मी असा फुगायचो की माझा मलाच हेवा वाटायचा. पुढं त्याचे बरेच नातेवाईक इस्रायलला गेले, तेव्हा त्यानं आणि त्याच्या बायकोनं, ज्युडिथनंही, जायचं ठरवलं. सामान बांधताना ज्युडिथनं मला हातात धरलं, पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पण पेटीत जागाच उरली नव्हती. शेवटी निसीम मला घेऊन हमरापूरला त्याच्या मित्राकडे, कमळाकर मूर्तिकाराकडे आला. "कमळाकर, हा माझ्या बाबांच्या हातचा आहे. पेटीत कोंडू नकोस. ज्याची मुलाखत असेल त्याला दे," एवढं बोलून तो पाठ फिरवून उभा राहिला. मलाही फार वाईट वाटलं होतं, मित्रांनो.

कमळाकरनं शब्द पाळला. हमरापूरच्या कुणा पोराला मुलाखतीचं बोलावणं आलं की तो आधी आंघोळ करायचा आणि मग माझ्याकडे यायचा. रघू काडीपैलवान, त्याच्या पाठीवर मला टाचण्या लावून आवळलं. हिरामण चांगला खात्यापित्या घरचा, त्यानं माझी बटणं लावायचा नादच सोडला. दोघांनाही नोकऱ्या लागल्या! मग काय, "कोट पावला, कोट पावला" अशी आवई उठली. कुणी माझ्या कॉलरला हळदकुंकू लावलं, कुणी खिशात नारळाचा प्रसाद ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं होतं की साहेबलोक माणसाला बघतच नाहीत, मला बघून नोकरी देतात.

कमळाकर गेल्यावर माझी देखभाल त्याची बायको हौसा करू लागली. हौसाआजीनं जन्मभर मूर्ती रंगवल्या. तिच्या हाताखाली शिकलेली तिची नात सरू तर तिच्याही पुढं गेली. सरू मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायची. बारीक ब्रश घेऊन, श्वास रोखून ती एक रेघ ओढायची, आणि इतका वेळ नुसती मातीची असलेली मूर्ती आपल्याकडं बघायला लागायची. खुंटीवरून मी हे कितीदा पाहिलं, पण माझं मन काही भरलं नाही. अशी पोर लाखात एक! कारखान्यातून उठून ती पेणच्या कॉलेजात जायची, आणि बी.एस्सी.ही झाली.

पण घरावर वाईट दिवस आले. सरूचे वडील दिनानाथ यांचा हात थरथरू लागला. मूर्तिकाराचा हात थरथरला की संपलंच की हो सगळं. सरूच्या एकटीच्या आखणीवर वर्षभर चूल पेटत नव्हती. अशात डोलवीच्या बाजूला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली आणि सरूला मुलाखतीला बोलावलं. ही नोकरी लागली तर घर उभं राहणार होतं, नाहीतर कारखाना विकायला काढायचा, असं दिनानाथ बोलून बसले होते.

आता प्रश्न आला, नेसायचं काय? दिनानाथ म्हणाले, साडी. सरू म्हणाली, "बाबा, मिनीडोअर रिक्षातून उतरताना पायात येईल. माझा निळा पंजाबी ड्रेस बरा." हौसाआजी मात्र खुंटीकडं बोट दाखवून म्हणाली, "कायपण घाल गो, पण वरून कोट पायजे."

"आजी, पोरीनं कोट? लोक हसतील गो!"

"हसू देत. या गावातून कोटाशिवाय कोण मुलाखतीला गेला हाय काय? कोट पावतो, सरू. मना नाय म्हणू नको."

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सरूचं काही चाललं नाही. पण मला उजेडात धरल्यावर आजीचा चेहरा पडला. माझी कॉलर विटून तांबूस झाली होती, कोपरं फिकी पडली होती. आता मित्रांनो, तुमच्या घरी कपडा विटला तर तुम्ही काय कराल? दुसरा काढाल. हमरापूरला काही फिकं पडलं की एकच इलाज, रंग द्यायचा! सरू अंगणात भांडी घासत होती, तेवढ्यात आजीनं गणपतीच्या केसांचा काळा रंग पाण्यात कालवला आणि अंगठ्याएवढ्या ब्रशानं माझी कॉलर, माझी कोपरं अशी सफाईनं रंगवली की सकाळी मी कोराकरकरीत दिसत होतो. मला तर अंगावर दागिने चढल्यासारखं वाटलं.

वडखळ नाका येईपर्यंत हा तोरा टिकला. मिनीडोअरमध्ये माणसं कोंबलेली, ऊन मी म्हणत होतं, सरूच्या मानेवर घाम आला आणि माझी कॉलर पाझरायला लागली. कंपनीत पोचून सरूनं मानेवरून हात फिरवला, तर हात काळा, ओढणी काळी. बाकीचे उमेदवार टाय लावून बसले होते, ते तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. ज्या घराचं मीठ खाल्लं, त्या घराच्या पोरीला मीच तोंडघशी पाडलं होतं!

सरू क्षणभर रडवेली झाली. मग तिनं मला काढलं, हात झाडला आणि घडी करून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलं. नळावर मान धुतली, पण तो रंग का सहज जातो? नाव पुकारलं तशी ती निळ्या ड्रेसवर आत गेली. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

मुलाखत घ्यायला बसलेल्या साहेबांमधल्या बाईंनी पहिलंच विचारलं, "तुमच्या मानेला काय लागलंय?"

"रंग आहे, मॅडम. गणपतीच्या केसांचा. कोट विटला होता, तर आजीनं तो रंगवला. घामानं उतरला, म्हणून कोट बाहेर काढून ठेवलाय."

आत हशा पिकला. बाई म्हणाल्या, "ओढणीनं झाकायचं होतं की!"

"ओढणीलाही लागलाय, मॅडम," सरू म्हणाली आणि स्वतःच हसली. "आणि झाकला असता तर माझं लक्ष मानेकडंच राहिलं असतं. तुम्ही काय विचारता ते ऐकूच आलं नसतं."

मग बाईंनी विचारायला सुरुवात केली आणि सरू उत्तरं देत गेली. प्रयोगशाळेतलं सांगितलं, रंग कालवण्याचं सांगितलं, जे आलं नाही ते "येत नाही, शिकेन" म्हणून सांगितलं. माझ्याशिवाय! मी बाहेर खुर्चीवर पडलेलो, आणि पोरगी आत अशी बोलत होती की वाटलं हासाजींना हाक मारून दाखवावं. निघताना बाई म्हणाल्या, "सोमवारपासून या."

परतताना सरू पेणला उतरली. हासाजींच्या मुलीची मुलगी हन्ना पेणलाच राहिलेली, ती अजून आजोबांच्याच मशीनवर शिवणकाम करते. तिनं मला हातात घेतलं, शिलाईवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजोबांच्या हातची आहे गं ही!" तिनं मला धुतलं, कॉलर उसवली, कापड उलटं करून न विटलेली बाजू वर आणली आणि पुन्हा शिवली. कोपरांना काळे तुकडे लावले. घरी सरूनं सांगितलं होतं की बटण तुटलंय, म्हणून कोट शिवायला टाकलाय.

मी परत आलो तेव्हा हौसाआजी अंगणात बसली होती. तिनं मला मांडीवर घेतलं, कॉलर डोळ्यांजवळ नेली आणि तिचा चेहरा उजळला. "दिना, बघ रं! पोरगी त्या उन्हात जाऊन आली, तरी माझा रंग जरापण उतरला नाय."

दिनानाथांनी सरूकडं पाहिलं. कंपनीत खरं बोलायला न कचरलेली सरू आजीजवळ खाली बसली आणि म्हणाली, "व्हय आजी. तुझ्या रंगामुळंच नोकरी लागली."

मित्रांनो, जुन्या कपड्याला जपा. त्याला झाडा, धुवा, ऊन दाखवा, पण रंग देऊ नका. आणि घरातल्या एखाद्या म्हातारीनं मायेनं दिलाच, तर तो उतरला म्हणून तिला कधी सांगू नका.