‘तपासले’ म्हणणारा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडी आणि अंगावर एकच शब्द: ‘तपासले’. नारायण पेठेतल्या एका बोळात मला घडवलं आणि जवळच्याच एका दैनिकाच्या मुद्रितशोधन विभागात, म्हणजे छापण्याआधी चुका काढणाऱ्यांच्या टेबलावर, आणून ठेवलं. माझा ठसा नसेल तर छपाईवाले पान हातात घेत नसत. या गोष्टीचा मला फार तोरा होता.

विभागप्रमुख श्यामसुंदर आपटे कडक माणूस. त्यांची पद्धत अशी की एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवून ऐकायचं. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणायचा. निधनवार्ता तर दोनदा, माणसं बदलून. बोट ठेवायला बहुधा ललिताताई सोनवणे असत. त्यांचे वडील कचरू याच छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवत आणि लेकीला अक्षरओळख तिथेच झाली. आपट्यांना त्यांच्या कामाला कधी नाव ठेवता आलं नाही, आणि पुण्यात याहून मोठी स्तुती नसते. ललिताताई मला उचलत तेव्हा पान खरंच वाचलेलं असे. ते माझे सुखाचे दिवस होते.

आपटे निवृत्त झाले. चुका आता संगणकच काढेल असं ठरलं आणि विभाग बंद झाला. ललिताताईंना खाली जाहिरातींच्या खिडकीवर बसवलं, शब्दकोश रद्दीत गेले. मी तेवढा उरलो, कारण ठशाचा नियम रद्द करायचं कुणाला सुचलंच नाही. उपसंपादक सलिलच्या टेबलावर माझी रवानगी झाली. सलिल वाईट नाही, तीन माणसांचं काम एकटा ओढतो. पानं आली की तो मला पटापट आपटतो. वाचायला त्याला वेळ कुठला? तेव्हापासून मी रोज खोटं बोलतो आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात धायरीच्या मंदाकिनीबाई पोकळे खिडकीवर आल्या. त्यांचे पती ज्ञानदेव, मार्केट यार्डातले कांद्याचे आडते, वारले होते. ललिताताईंनी निधनाचा मजकूर स्वतः लिहिला, बाईंना वाचून दाखवला आणि वर पाठवला. वर टाइप करताना नावांची अदलाबदल झाली. दोन्ही नावं बिनचूक होती, त्यामुळे संगणकाला काही खटकलं नाही. मी ‘तपासले’ म्हणालो. सकाळी छापून आलं ते असं: मंदाकिनीबाईंचं दुःखद निधन, शोकाकुल ज्ञानदेव.

त्याच दिवशी बाई पेपर घेऊन आल्या. ललिताताई त्यांना वर सलिलकडे घेऊन आल्या. बाई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत.

“ह्यांच्याच फोनवर लोकं ह्यांचं सांत्वन कराया फोन लावत्यात,” त्या म्हणाल्या. “मीच उचलते. काय सांगू त्यांना?”

त्यांचं मागणं एवढंच होतं, की दहाव्याच्या आत दुरुस्ती नीट छापून यावी. चाळीस वर्षं यार्डात काढलेल्या माणसाच्या दहाव्याला त्याची माणसं यायला हवीत. सलिलचा चेहरा उतरला. त्याने हात जोडून माफी मागितली आणि बाई गेल्यावर लगेच दुरुस्ती लिहून पानात लावली. ललिताताईंनी हात पुढे केला.

“मला वाचू द्या, सलिल. दोन मिनिटं लागतील.”

“ताई, चारच ओळी आहेत. पान थांबलंय,” तो म्हणाला आणि त्याने मला उचललं.

त्या क्षणी माझी शाई वाळून जावी असं मला फार वाटलं. पण ती ताजी होती. सकाळी त्या चार ओळींत छापून आलं: ‘या चुकीबद्दल आम्ही कै. मंदाकिनी पोकळे यांची मनापासून क्षमा मागतो.’

बाई पुन्हा आल्या नाहीत. ललिताताई दहाव्याला जाऊन आल्या. घाटावर किती माणसं होती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. माझी उत्तम घेतली जाते. शाई वेळेवर मिळते, मध्यंतरी नवं रबरही बसवलं. घ्यायचीच तर माणसाच्या नावाची काळजी घ्या, छापण्याआधी ते एकदा तरी मोठ्याने वाचा. कुणी ऐकेल अशी आशा मला उरलेली नाही. इथे तर आता वेळ वाचवायची युक्ती निघाली आहे. सकाळीच कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर मला उमटवून ठेवतात. मजकूर त्यांवर नंतर येतो.