कापूस नसलेलं राज्य

पहिली सुरुवात.

"ज्या काळी वर्धा नदी उलटी वाहत होती, त्या काळी इथे एक राजा होता आणि त्याच्या राज्यात कापूस नव्हता."

"मंग दिवे कायनं लावत?" शोभाबाईंनी विचारलं. समीक्षा मोबाइलवर लिहिलेलं वाचून दाखवत होती आणि समोर बसलेल्या तिच्या या सासूबाईंचा लाख वातींचा नेम चालू होता. बोलतानाही बोटं कापूस वळत होती.

"आई, कथा आहे. मनातला काळ आहे. नदी उलटी वाह्यली ते चालते तुम्हाले?" समीक्षा म्हणाली.

"नदीच्या मनात आलं तं वाहीन. वात का आपोआप वळते?"

दुसरी सुरुवात.

"...कापूस नव्हता. दिव्यात अंबाडीचा दोरा जळे."

"धुपते तो."

"धुपू द्या."

"अन् बाळंतिणीच्या कानात बोळे?"

मागच्या खोलीत गेल्या हंगामाचा कापूस होता, भाव वाढेल म्हणून ठेवलेला, छताला टेकलेला. चहात तंतू. केसात तंतू. रात्रभर अंगाला खाज. लग्न होऊन देवळीजवळच्या या घरात आल्यापासून समीक्षाला एकच जागा हवी होती, जिथे तो नसेल. घरात नव्हती. शिवारात तर नव्हतीच. म्हणून ती मागे गेली, कोणीच न पाहिलेल्या काळात. दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा आज संध्याकाळपर्यंत हवी होती.

तिसरी सुरुवात.

"घोंगडी पांघरून, कानात लोकरीचे बोळे घालून, धुरकट दिव्याखाली राजा"

राजा काय? काही नाही. खोकत होता. वाक्य संपत आलं तरी त्याला काही करताच आलं नव्हतं.

तेवढ्यात तिचा नवरा रोशन बैलांना पाणी पाजून आला. दारातच ऐकत उभा राहिला.

"घोंगडीच्या आत काय घाले तो? का उघडाच?"

"रेशीम."

"आपल्याइकडचा राजा अन् रेशीम. नवरदेव हाय का?"

"तू जा ना."

चौथी सुरुवात नाही. तिने थेट शेवट वाचला.

"राजा म्हातारा झाला आणि एका पहाटे मेला."

शोभाबाईंची बोटं थांबली.

"गुंडाळलं कायत त्याले?"

"रेशमात."

"रेशमात कोनी नेते का वो? कोरं पांढरं लागते."

"तिथे नाईच ना, आई. तिथे कापूसच नाई."

"मंग तसाच नेला?" शोभाबाई हातातल्या वातीकडे बघत राहिल्या. "लेकरं नव्हती का बिचाऱ्याले? कोनी एक हातभर कपडा..."

आवाज ओला झाला होता. इतका वेळ समीक्षाला हेच हवं होतं, कोणीतरी त्या राजाला खरा मानावं. आणि मानलं तर असं, हातभर सुती कपड्यासाठी. तिला मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. आपटला नाही. "मेला" खोडलं. "एका पहाटे" खोडलं. "राजा म्हातारा झाला" एवढं ठेवलं, आणि कथा पाठवून दिली.

"पाठवली?" रोशनने विचारलं. "मंग राजाचं काय झालं?"

"जित्ता हाय."

"कधीलोक?"

समीक्षाने ओढणीवरचा तंतू उपटला. तो बोटाला चिकटला. दुसऱ्या हाताने काढला, तर त्या हाताला चिकटला.

"कापूस येईपर्यंत," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

शोभाबाईंनी तेवढ्यात पुढची वात वळायला घेतली होती.