पाळी वाटणाऱ्या टॉवरचं गाऱ्हाणं

मी मोबाइलचा टॉवर. लातुरात, विरूपाक्ष सरांच्या क्लाससमोरच्या गच्चीवर उभा आहे. चिमण्या गेल्या, माझ्यामुळे. पोरांना झोप येईना, माझ्यामुळे. एकदा तुरीचा भाव पडला, तेव्हाही दोघा-चौघांनी माझ्याकडेच रागानं पाहिलं होतं.

माझं काम पाळी वाटायचं. शेकडो फोन एकदम तोंड उघडतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मला ठरवावं लागतं, आता कोणाला द्यायचं. ज्याला स्पष्ट ऐकू येतं त्यालाच दिलं तर काम झटपट उरकतं, पण आडोशातला उपाशी राहतो. सगळ्यांना सारखं द्यावं, तर आडोशातल्याला एकच गोष्ट दहादा सांगावी लागते आणि अख्खी रांग खोळंबते. म्हणून मी दोन्ही बघतो: आत्ता कोणाला नीट ऐकू येतंय, आणि आतापर्यंत कोणाच्या पदरात किती पडलंय.

सरांची वाटणी सोपी आहे. जास्त मार्कवाल्यांना एसी हॉल आणि खुद्द सर. बाकीच्यांना मागचं पत्र्याचं शेड आणि सरांचा व्हिडिओ.

किनवटची ऋतुजा त्या शेडातली. पोरीनं तिथं बसून सरकारी मेडिकलची जागा मिळवली. जागा पक्की करायची मुदत होती त्या दिवशी पाचपर्यंत. दाखल्याचा फोटो गावाहून दुपारी आला आणि साडेचार वाजले तरी शेडातून फॉर्म जाईना. पत्र्याखाली माझा आवाज धड पोचतच नव्हता. माझा जीव नुसता तुटत होता.

त्याच वेळी हॉलमध्ये गुणवंतांचा सत्कार लाईव्ह चालू होता. बघणाऱ्यांचा आकडा वाढावा म्हणून सरांनी हुकूम सोडलेला, "सगळ्यांनी फोनवर लाईव्ह लावा!" समोर सर उभे, आणि चारशे पोरं माना खाली घालून फोनमध्ये सर बघतायत! हे सगळं ओझं माझ्या डोक्यावर.

मेसवाल्या लक्ष्मम्मानं ऋतुजाला रडताना पाहिलं.

"भूकंपात चादरीची गाडी सडकंवरच थांबली व्हती," ती म्हणाली. "म्होरच्यांला चार-चार, आमच्या गल्लीत एकबी न्हाई. मी वाट बघत बसले आन् लेकरू पावसात कुडकुडलं. तू बसू नगंस. ऊठ, सडकंवर चल!"

दंडाला धरून तिनं पोरीला भर रस्त्यात आणून उभं केलं. आता ऋतुजाला नीट ऐकू येत होतं, आणि दिवसभरात तिच्या पदरात त्या एका फोटोपलीकडे काहीच पडलेलं नव्हतं. मी पहिली पाळी तिला दिली. पाचाला चार मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

तेवढ्यात चारशे जणांच्या भारानं लाईव्ह अडकलं. सर सांगत होते, "आमच्याकडे प्रत्येक लेकराकडं सारखंच लक्ष..." आणि चारशे फोनवर त्यांचं उघडं तोंड तसंच राहिलं.

"हा टॉवर पक्षपात करायलाय!" सर बाहेर येऊन ओरडले.

महिन्याभरानं माझ्याच गच्चीखाली क्लासचं होर्डिंग लागलं. मधोमध ऋतुजा, तिच्या दुप्पट आकाराचे सर. लक्ष्मम्मा बघतच राहिली. "हिला तर पत्र्यात बशिवलं व्हतं की ओ!"

आता मला हलवायचा अर्ज गेलाय. पहिली सही सरांची. हलवा खुशाल. नव्या टॉवरला माझा एवढाच निरोप द्या, की हॉलवाले आपणहून ओरडतील, तू शेडाकडे कान ठेव. तिथं आजही एका पोरीचा फॉर्म अडकलाय, आणि लक्ष्मम्मा हात पुसत तिच्याकडे निघालीय.