पाचवं शील

चितेजवळ थांबणाऱ्या माणसांची गावात कोणी आबाळ होऊ देत नाही. चहा येतो, बिड्या येतात आणि कुणीतरी पिशवीतून हळूच बाटलीही आणतो. लाकडं ओली असली की वेळ लागतो, आणि तेवढा वेळ घसा कोरडा कसा ठेवायचा, असा त्यांचा हिशेब. कोंढ्याचा यादोराव दारू सोडून बरीच वर्षं झालेला माणूस. विहारात पंचशील तोच देई. एकेक शील तो म्हणे आणि लोक त्याच्यामागून म्हणत. त्याची धाकटी बहीण भावना गावातच दिलेली. तिचा नवरा राजकुमार दारूनेच गेला, आणि त्याच्या चितेजवळ बसून यादोराव प्याला.

एका ग्लासावर भागलं तर ती दारू कसली! दुसऱ्या दिवशी तो बसस्टँडमागच्या दुकानात गेला. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिला.

त्याची बायको पंचफुला हिला वासावरून कळलंच. तिने आदळआपट केली नाही. ताट वाढलं आणि तोंड फिरवून बसली. शिव्यांपेक्षा ते जास्त झोंबलं. यादोरावने उरलेली बाटली उकिरड्यावर रिकामी केली. मग नुसता घाम आणि थरथर, भाताचा वासही नको. डोक्यात एकच गोष्ट फिरत राहायची. राजकुमारला पहिला ग्लास त्यानेच दिला होता, लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला, नव्या जावयाचं कौतुक म्हणून. ते आठवलं की जीव तुटायचा, आणि जीव तुटला की पुन्हा दारूच आठवायची.

शेवटी त्याने भैय्यालालला फोन लावला. भैय्यालाल गोसीखुर्दच्या धरणात मासे धरायचा. भंडाऱ्याला दारू सोडणाऱ्यांची बैठक भरायची, तिथली दोघांची ओळख.

"पडलो, भैय्यालाल."

"मंग? मीबी पडलो होतो. पन पडूनच राहाचं हाये का तुले?"

"उद्या राजकुमारचं पुण्यानुमोदन हाये. पंचशील मलेच द्याचं हाये."

"बहिणीले सांगतलं?"

"कसं सांगू? तिचं दुःख अजून ओलंच हाये."

"लपवशील तं लपवाच्या तानानंच पुन्हा पेशील. माह्यं तसंच झालं होतं."

यादोरावने ऐकून घेतलं आणि मनाशी भलतंच ठरवलं. पाचवं शील भरभर म्हणून टाकायचं, कोण बघतंय? पिणाऱ्या माणसाचं सगळं संपतं, युक्त्या तेवढ्या संपत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनासाठी, गेलेल्या माणसाच्या नावाने होणाऱ्या वंदनेसाठी, भावनाच्या अंगणात मांडव होता. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या आणि बाजूला राजकुमारचा फोटो. पांढरी साडी नेसलेली भावना सगळ्यांत पुढे बसली होती. यादोराव समोर जायला उठला तेव्हा पंचफुलाने हळूच विचारलं, "पाचवं म्हणाल तुमी?" तो तसबिरींकडे चालू लागला.

तीन शीलं नीट झाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. तिथेच त्याची जीभ अडखळली, कारण हे शील देऊन पुढच्याच दमात त्याला खोटं बोलायचं होतं. कसंबसं ते उरकलं. मग पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं. 'सुरामेरय' एवढंच तोंडातून निघालं. लोक हात जोडून पुढच्या शब्दाची वाट बघत होते. फोटोतला राजकुमार हसत होता.

"हे मी नाही देऊ शकत," यादोराव म्हणाला. "राजकुमारच्या चितेजवळ बसून मी पेलो. नंतरबी पेलो. आता बंद केली हाये. पन हे मले देता येत नाही, घ्याचं हाये. कोनी देता का?"

तो मागे येऊन लोकांत बसला. शरमेने त्याचे कान जळत होते.

"यादोराव, हे बोलाची जागा हाये का?" कोणीतरी म्हातारा पुटपुटला.

भावना उठली. "लाकडं जळून राहिली होती, अन् तू पेऊन राहिला होता?"

"हो."

ती आता थोबाडीत देईल असं वाटलं. दिली असती तर यादोरावला बरं वाटलं असतं. पण ती समोर गेली, हात जोडले आणि बसलेल्या आवाजात पाचवं शील पूर्ण म्हणाली. मांडव तिच्यामागून म्हणाला. यादोरावचा आवाज त्यात कुठेच कळला नाही.

"बाकीचे थांबा," ती म्हणाली. "दादा, तू एकटा म्हण."

त्याने म्हटलं. अर्ध्यावरच आवाज फाटला.

"पुन्हा म्हण. ह्या फोटोतल्याले मी रोज म्हनाले लावत होती. शेवटी शेवटी त्याची जीभ उचलत नव्हती. तुयी उचलते ना अजून? म्हण."

यादोरावने पुन्हा म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत. तिच्या चेहऱ्यावर माफी नव्हती, आणि ती मागायची त्याची छातीही नव्हती.

जेवणं झाल्यावर तो निघाला तेव्हा भावना दारापर्यंत आली.

"बसस्टँडकडून जाऊ नोको. तलावाच्या पाळीवरून जाजो," ती म्हणाली. मग मांडवातल्या फोटोकडे बघत बोलली, "माह्या भिंतीवर आता दुसऱ्या फोटोले जागा नाही, दादा."

पंचफुलाने त्याचा हात धरला. पाळीवरून, तलावाच्या त्या बांधावरून, घर बरंच लांब पडतं. ते दोघं त्या वाटेने निघाले.